विषय: गाडी बदलायची आहे, धुराचा हिशेब कोण करून देतं?

शनिवार, १८ जानेवारी २०२५
संज्योत, मिल्टन

मंडळी, तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि गोड बोलून झालं की जरा खरं बोला, कारण सल्ला हवाय.

इथे कॅनडात, टोरांटोजवळ, हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात; त्याने आमच्या २०१२ च्या एसयूव्हीला खालून पार खाल्लंय. मेकॅनिकने गाडी लिफ्टवर चढवली, खालच्या पट्टीला स्क्रूड्रायव्हर टोचला आणि तो आरपार गेला. पुढे तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. म्हणजे आता घ्यावीच लागणार.

मी आठवड्यातून तीन दिवस मार्कमला ऑफिसला जाते, जाऊन-येऊन १३० किलोमीटर. मिल्टनची गो ट्रेन (इथली लोकल) सकाळी टोरांटोच्या युनियन स्टेशनकडे जाते नि संध्याकाळी परत येते, त्यामुळे ती नवऱ्याच्या कामाची, माझ्या नाही. सगळं धरून वर्षाला २२,००० किलोमीटर होतात. लेकीने जाहीर केलंय की पेट्रोलची गाडी आणलीत तर मी बसणार नाही (स्केटिंगच्या क्लासला सोडून). पुण्याच्या दिराने इलेक्ट्रिक घेतलीय, तो व्हिडिओ कॉलवर दर रविवारी डॅशबोर्ड दाखवतो. आणि इथे केंद्र सरकारची (ओटावाची) विजेच्या गाडीवरची ५,००० डॉलरची सवलत नेमकी गेल्या रविवारी थांबली. पैसे संपले म्हणे.

डॉलरचा हिशेब मी करीन. मला धुराचा करून हवाय. हायब्रिड (पेट्रोलवरचीच, बॅटरीची जोड असलेली), प्लग-इन (प्लग लावून चार्ज होणारी, पेट्रोलवरही चालणारी) की पूर्ण विजेची?


शनिवार, १८ जानेवारी
विनय, ब्रॅम्प्टन

हायब्रिड घे आणि मोकळी हो. बॅटरी बनवतानाच इतका धूर होतो की गाडी घरी येईपर्यंत पर्यावरणाचं वाटोळं झालेलं असतं. वर ते कोबाल्ट काँगोच्या खाणीतलं, तिथे पोरं राबतात. आम्ही राहतो त्या काँडोत (फ्लॅटच्या इमारतीत) पार्किंगला साधा प्लग मागितला, तर सात महिने झाले, बोर्ड, म्हणजे सोसायटीची कमिटी, अजून 'विचार करतंय'.


रविवार, १९ जानेवारी
मकरंद, पिकरिंग

संज्योत, काल रात्री तुझे आकडे घेऊनच बसलो. लांबलचक लिहितोय, चहा घेऊन वाच.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. (पेट्रोलचं वजन पाऊण किलो, मग धूर तिप्पट कसा, असं मुलाने विचारलं होतं. वरचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं.) तुझी जुनी गाडी शंभर किलोमीटरला दहा लिटर पीत असेल तर वर्षाला २,२०० लिटर झाले, म्हणजे पाच टन धूर. कोरोलाच्या आकाराची हायब्रिड तेच काम पावणेपाच लिटरच्या आसपास करते, म्हणजे अडीच टनांच्या आत. नुसतं एवढं केलंस तरी निम्मं ओझं उतरलं, आणि त्यासाठी घराच्या भिंतीत एक खिळाही ठोकावा लागत नाही.

आता विजेची. इथली थंडी धरून शंभर किलोमीटरला १९ युनिट, म्हणजे वर्षाला ४,२०० च्या आसपास. ती वीज कुठून येते, तिथेच सगळी गोम आहे. आपल्या ओंटारिओ प्रांताने कोळशाचं शेवटचं वीज केंद्र, थंडर बेचं, २०१४ साली बंद केलं. आज जवळपास निम्मी वीज अणुभट्ट्यांची आहे (पिकरिंगचे घुमट मला तळ्याकाठी फिरताना रोज दिसतात), साधारण पाव हिस्सा पाण्याचा, उरलेली वारा आणि गॅस यांच्यावर. गॅसचा वापर अलीकडे वाढलाय, म्हणून मी हात सैल सोडून युनिटमागे १०० ग्रॅम धरले. तरी वर्षाला ४२० किलोच झाले. अर्धा टनही नाही.

विनयचा मुद्दा खोटा नाही, अर्धवट आहे. आयव्हीएल या स्वीडिश संस्थेने २०१७ साली सांगितलं होतं की बॅटरीच्या दर युनिट क्षमतेमागे १५० ते २०० किलो धूर होतो. त्याच संस्थेने २०१९ साली आकडा सुधारून ६१ ते १०६ केला. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र अजून पहिलाच फिरतो. तुझ्या गाडीची बॅटरी ६५ युनिटची धर, म्हणजे चार ते सात टन. हे कर्ज डोक्यावर घेऊनच गाडी कारखान्यातून निघते. हायब्रिडच्या तुलनेत तू वर्षाला दोन टन वाचवणार, म्हणजे दोन ते साडेतीन वर्षांत कर्ज फिटलं, पुढचं सगळं शिल्लक. कोबाल्टचं म्हणशील तर ते दुखणं खरंच आहे, पण लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्यांत कोबाल्टही नसतं आणि निकेलही. त्या थंडीत जरा जास्त कुरकुरतात, एवढंच.

फक्त 'इलेक्ट्रिक' हा शब्द ऐकून भाळू नकोस. हमर इलेक्ट्रिकची बॅटरी २०० युनिटच्या वर आहे आणि गाडी चार टनांची. त्या बॅटरीचंच वजन आपल्या गावाकडच्या स्विफ्टपेक्षा जास्त भरतं. तुम्ही घरात तिघं. तुझ्या तीन रांगांच्या गाडीत मागची रांग वर्षातून किती वेळा उघडलीत, तेवढं आठव.

प्लग-इनबद्दल माझं मत कडवट आहे. कागदावर छान: रोजचं ऑफिस विजेवर, लांबचा प्रवास पेट्रोलवर. पण युरोपियन कमिशनने रस्त्यावरच्या गाड्यांमधून खरी नोंद गोळा केली, २०२४ च्या मार्चमध्ये अहवाल आला, तर धूर जाहीर आकड्याच्या साडेतीन पट निघाला. माणसं प्लग लावतच नाहीत! तुला तर १३० किलोमीटर एका दिवसात जायचे. विजेवर साठ-सत्तर गेलीस तरी परत येताना इंजिनच.

आणि तुझ्या दिराला त्याचा रविवार खराब न करता सांग: भारतात युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास धूर पडतो, कारण चंद्रपूर, कोराडीची कोळशाची वीज. कोयना आहे, पण ती मुख्यतः संध्याकाळच्या मागणीला धावून येते. त्याची गाडी किलोमीटरला १०५ ग्रॅम टाकत असेल, लिटरला १८ देणारी छोटी पेट्रोल गाडी १२८ ग्रॅम. फरक आहे, पण डॅशबोर्ड मिरवण्याइतका नाही. सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवलं तर मग खुशाल मिरवावं. अर्थात लक्ष्मी रोडवर तो धूर कुणाच्या नाकात जात नाही, हेही काही कमी नाही.


रविवार, १९ जानेवारी
सुलभा, स्कारबरो

मकरंद, बाळा, माझाही हिशेब कर. माझी कोरोला २०११ ची आहे. देऊळ, वाचनालय, मंडळ आणि महिन्यातून एकदा कॉस्टको, वर्षाला चार हजार किलोमीटरच्या वर जात नाही. नातू म्हणतो, आजी, तू पृथ्वी तापवतेस, इलेक्ट्रिक घे. मला रात्री झोप लागत नाही. पृथ्वीमुळे नाही, गुडघ्यामुळे, पण तरी.


रविवार, १९ जानेवारी
मकरंद, पिकरिंग

मावशी, तुमचं पेट्रोल वर्षाला ३०० लिटर, धूर ७०० किलो. नवी विजेची गाडी बनवायलाच, पत्रा-काच-बॅटरी मिळून, दहाएक टन लागतात आणि तुमचे वाचणार वर्षाला सहाशे किलो. फेडायला सोळा वर्षं. गाडी ठेवा, टायरमधली हवा तपासत जा, दरवर्षी खालून गंजरोधक तेल मारून घ्या.


रविवार, १९ जानेवारी
सुलभा, स्कारबरो

सोळा वर्षांनी मी चौऱ्याण्णवची असेन. नातवाला तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणतो, मग कॉस्टको तरी शेजारणीबरोबर जा. ते पटलं. ती फार बोलते, पण पटलं.


सोमवार, २० जानेवारी
प्राची, व्हिटबी

मकरंदचा कागद बरोबर आहे, पण कागदाला थंडी वाजत नाही.

नवीन वर्षाला आम्ही मॉन्ट्रियलला गेलो. बाहेर उणे अठरा. निघताना गाडी ४०० किलोमीटर दाखवत होती, प्रत्यक्षात २७० च्या बेताचे मिळाले. किंग्स्टनच्या अलीकडे चार्जिंगला थांबलो तर चारपैकी दोन खांब मेलेले, तिसऱ्यावर आधीच एक कुटुंब. चौथ्यावर लावली तर आकडा मुंगीच्या पावलांनी चढतोय, कारण बॅटरी गारठली होती. हीटर बंद करून पन्नास मिनिटं चौघं एका गोधडीत बसलो, सासूबाईंनी चकल्यांचा डबा उघडला. धाकटा अजून त्याला 'पिकनिक' म्हणतो.

चूक आमचीही होती. चार्जिंगचं ठिकाण नेव्हिगेशनमध्ये टाकलं असतं तर गाडीने वाटेतच बॅटरी गरम करून ठेवली असती, हे मला परतीच्या वाटेवर कळलं. आता नियम केलाय: सकाळी प्लग काढायच्या आधीच आतली हवा गरम करायची, म्हणजे ती उष्णता भिंतीतल्या विजेची. वाटेत हीटर मंद ठेवून सीट आणि स्टिअरिंग तापवायचं, त्याला फार वीज लागत नाही. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारा, कमी विजेचा हीटर) असलेलीच गाडी बघ. आणि टायर हिवाळ्याचेच, त्यात काटकसर नको.

बदलणार का विचारशील तर नाही. वर्षातले ३६० दिवस मी घरीच चार्ज करते. रात्री ११ ते सकाळी ७ चा वेगळा दर २०२३ पासून मिळतोय, २०२५ च्या सुरुवातीला युनिटला २.८ सेंट होता. वर डिलिव्हरी (वीज पोचवण्याचा आकार) आणि कर. पण त्याच दरात संध्याकाळी ४ ते ९ ला दसपट पडतात, म्हणून आमच्याकडे पोळ्या आता चारच्या आत होतात. सासूबाईंचा या गाडीवर राग आहे तो एवढ्याचसाठी.


बुधवार, २२ जानेवारी
संज्योत, मिल्टन

सगळ्यांचे आभार. ठरलं बऱ्यापैकी.

पूर्ण विजेचीच, पण दोन-तीन वर्षं वापरलेली, हॅचबॅक. मागची रांग मी आठवली: सहा वर्षांत दोनदा, त्यातल्या एकदा गणपतीचं मखर न्यायला. बॅटरीवर बहुतेकांची आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते, म्हणजे जुनी घेऊनही पाच-सहा वर्षं हातात राहतात. बॅटरी किती शाबूत आहे त्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय सही नाही, हे नवऱ्याला दोनदा बजावलंय, तो रंगावर भाळतो.

इलेक्ट्रिशियन गुरुवारी येतोय. घराचं पॅनेल १०० अँपिअरचं आहे, ड्रायर आणि स्टोव्हसोबत चार्जरचा भार पेलेल का ते बघून मग परमिट काढणार. तोवर साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर तासाला सहा-सात किलोमीटर भरतात, रात्रीत साठेक. मार्कमचे दिवस एकाआड एक ठेवले तर तेवढ्यावरही भागेल असं वाटतं. शिवाय ऑफिसातली एक जण मिसिसागाला राहते, आठवड्यातला एक दिवस एकाच गाडीतून जायचं ठरवलंय.

विनय, काँडोच्या बोर्डाला लिहायचं असेल तर मसुदा मी करून देते. तुझी तक्रार गाडीबद्दल नव्हतीच मुळी, प्लगबद्दल होती.

ता.क. सुलभामावशी, शनिवारी हळदीकुंकवाला जुन्याच गाडीने न्यायला येते. पायाशी पुठ्ठा टाकलाय, खालून वारा येतो.