क्रूस काढा म्हणणं सोपं आहे हो...

वर कुणीतरी लिहिलंय, सरकारी जागेतल्या युद्धस्मारकावर क्रूस नकोच. अमेरिकेत ब्लेडन्सबर्गला पहिल्या महायुद्धातल्या ४९ जणांसाठी १९२५ साली उभारलेला ४० फुटी क्रूस आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी तो राहू दिला. आणि आमची गोव्यातली कुंकळ्ळी? १५८३ मध्ये मारल्या गेलेल्या पाच जेझुइट पाद्र्यांचं कपेलही (छोटं चर्च) तिथंच, आणि असोळणेच्या किल्ल्यात पोर्तुगीजांनी बोलणीसाठी बोलावून दग्यानं मारलेल्या गांवकरांचं, म्हणजे गावच्या प्रमुखांचं, स्मारकही. यातलं कुठलं हलवणार?

मला धास्ती वेगळीच. एका स्मारकावर मेण नि पणतीचं तेल नावांच्या अक्षरांत साचलेलं. कुणीतरी हौसेनं तारेच्या ब्रशनं घासलं, तर दोन नावंच गेली!