होमोसिस्टिन वाढलं म्हणजे ब्लॉकेज? काहीही!

नाडीपरीक्षक:
"दरवर्षी ७० चाचण्यांचं हार्ट पॅकेज करा, होमोसिस्टिन १५च्या वर गेलं की ब्लॉकेज समजा", अशी पोस्ट काल इथे पडली आणि मंडळींनी धडाधड पुढे ढकलली. अहो, होमोसिस्टिन हे रक्तातलं एक अमिनो आम्ल. रक्तात ब्लॉकेज दिसत नाही, फक्त धोक्याचा अंदाज येतो. त्यासाठी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड ही चरबी), एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) पुरे. हे शेवटचं बहुतांशी जनुकांवर ठरतं. डेसिलीटरला ५० मिग्रॅ किंवा लिटरला १२५ नॅनोमोलच्या वर असेल तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, अधिक कडक ठेवायचं. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर असतील तर फ्रीडवॉल्ड सूत्राने, म्हणजे इतर आकड्यांवरून हिशेबाने, काढलेल्या एलडीएलवर विसंबू नका, अपो-बी (एलडीएलसारख्या कणांवरचं प्रथिन) करा.

शेवगा:
होमोसिस्टिनला एवढं हिणवायला काय झालं? आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२चा ठणठणाट असतो, म्हणून ते वाढतं. ते दिसायलाच नको का?

जांभळं झाकण:
आधी नमुना कसा जातो ते बघा. नळीतल्या तांबड्या पेशी होमोसिस्टिन सोडतच राहतात. ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) नळी लगेच बर्फात ठेवायची आणि तासाभरात प्लाझ्मा (पेशींशिवायचा द्रव) वेगळा करायचा, नाहीतर तासाला साधारण १० टक्के वाढ. सकाळी सातला घेतलेली नळी डिकीत फिरून अकराला पोचली, की १५चे २१ होतात.

शेवगा:
म्हणजे सगळ्या लॅब चोर! जेलची नळी (जेलचा थर पेशी वेगळ्या ठेवतो) यंत्रात गरगर फिरवून घेतली तर बर्फही लागत नाही, हे का नाही सांगत?

जांभळं झाकण:
वेळेत फिरवली तर. घरोघरी जाणाऱ्या पोराच्या सॅकमध्ये ते फिरवायचं यंत्र, सेंट्रिफ्यूज, असतं का?

नाडीपरीक्षक:
आणि नमुना बर्फातून आला तरी पुढे काय? २००६ची होप-२ आणि नॉर्विट ही रुग्णांवरची संशोधनं बघा. फॉलिक ॲसिड, बी-१२ देऊन आकडा खाली आला, हार्ट अटॅक कमी झाले नाहीत.

शेवगा:
होप-२मध्ये स्ट्रोक कमी झाले, ते सोयीस्करपणे गाळलंत. शिवाय त्यातले बरेच रुग्ण पिठातच फॉलिक ॲसिड घालणाऱ्या देशांतले.

नाडीपरीक्षक:
नॉर्विट नॉर्वेतलं. तिथे घालत नाहीत. स्ट्रोक दिला तुम्हाला, घ्या. पण चर्चा कोरोनरीची, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची, चाललीय.

कट्ट्यावरचा:
तुमचं भांडण चालू द्या. सर्दी-तापात सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी चाचणी) करून १२ आलं म्हणून घाबरणाऱ्यांना कोणीतरी आवरा! १०च्या वर आलं तर बरं झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत करा, तेही हाय-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे अगदी बारीक आकडाही मोजणारं. आणि छातीत दुखत असताना घरी ट्रोपोनिनला (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) माणूस बोलावू नका. दुखणं नुकतंच सुरू झालं असेल तर पहिलं ट्रोपोनिन नॉर्मल येऊ शकतं. आधी ईसीजी, मग काही तासांत ट्रोपोनिन पुन्हा, आणि हे सगळं हॉस्पिटलात.

शेवगा:
बरं, काढा होमोसिस्टिन पॅकेजमधून. पण त्याजागी बी-१२ घाला. हातापायांना मुंग्या येईपर्यंत ते वेगळं करायला कोणी जात नाही, हे तुम्हा तज्ज्ञांना कोण सांगणार?