क्वार्ट्झच्या ओट्यावरचे डाग : काय केल्याने जातात, काय केल्याने वाढतात?

पांढरा_ओटा :
आंब्याच्या डाळीचा विषय निघाला आणि पांढऱ्या क्वार्ट्झवर उठलेलं हळदीच्या वाटीचं पिवळं कडं डोळ्यासमोर आलं. घरोघरी तेच. म्हणून हा धागा. प्रमाणासकट लिहा, "गरम पाण्याने पुसा" एवढंच नको.

सुरुवात करते. ही लादी म्हणजे वजनाने साधारण ९०% क्वार्ट्झचा चुरा, बाकी बहुतेक पॉलिएस्टर रेझिन (चुरा घट्ट धरून ठेवणारं प्लॅस्टिक) आणि रंग. दगड डाग धरत नाही, धरलाच तर रेझिन धरतं. हळदीवर साबण लावला की डाग लालभडक होतो, तेव्हा घाबरून घासत सुटू नका. हळदीत चुना कालवला की कुंकू होतं, तीच गंमत. साबण धुतला गेला की लाली उतरते.

कृती : आधी तेलकटपणा काढा (लिक्विड साबणाचे चार थेंब, कोमट पाणी, मऊ स्पंज), धुऊन कोरडं करा. मग ३% हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमधल्या बाटलीवर '२० व्हॉल्यूम' असेल तर ते ६% असतं, तेवढंच पाणी घालून निम्मं करा. खायच्या सोड्यात श्रीखंडाइतकं दाट कालवून डागावर अर्धा सेंमी जाड थापा, वर क्लिंग फिल्म, अर्धा तास. पुसा, बघा, हवं तर पुन्हा. गडद लादीवर आधी कोपऱ्यात १० मिनिटं लावून पाहा, रंग उतरू शकतो. उरलेलं मिश्रण झाकणबंद बाटलीत ठेवू नका, वायू सुटत राहतो.

खिडकीजवळ :
पेरॉक्साइड कशाला लगेच? हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. साडीवरचा डाग उन्हात घालतोच ना आपण. तेल काढून दोन-तीन दिवस थांबा, खिडकीजवळचा ओटा असेल तर आपोआप फिका पडतो. पण हाच ओटा गच्चीत बार्बेक्यूसाठी बसवू नका. वर्षानुवर्षं कडक ऊन लागलं की रेझिनच पिवळं पडतं, आणि त्याला उपाय नाही.

कडप्पावाले_काका :
आमचा कडप्पा. डाग पडलाय की नाही हेच कळत नाही. 😄

पांढरा_ओटा :
काका, म्हणूनच तुम्ही सुखी!

भांडीकुंडी :
करड्या रेघांबद्दल कुणीच लिहिलं नाही. कुकर, लोखंडी तवा, विळी ओढली की पेन्सिलीसारख्या रेघा उठतात. लोक म्हणतात ओट्यावर चरा पडला. बहुतेक वेळा उलटं असतं, क्वार्ट्झ स्टीलपेक्षा कठीण, त्यामुळे भांडंच झिजून दगडावर उतरतं. नखाला खाच लागत नसेल तर तो धातूच. क्रीम क्लीनर ओल्या मऊ फडक्यावर घेऊन हलक्या हाताने गोल फिरवा, धुवा. तारेची घासणी अजिबात नको. ती स्वतः धातू सोडते आणि रात्रभर ओली राहिली तर गंजाचं वर्तुळ बोनस.

मेलबर्नची_वहिनी :
गंजाला ऑक्झॅलिक अ‍ॅसिडवाली पावडर. इकडे बार कीपर्स फ्रेंड मिळते. ओली पेस्ट, जास्तीत जास्त एक मिनिट, लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. हातमोजे घाला.

इथे लोक 'बेंचटॉप' म्हणतात, आणि १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियात या दगडाचं उत्पादन, पुरवठा, बसवणं बंद आहे. कारण कापताना उडणारी सिलिकाची धूळ, कारागिरांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो. बसवलेल्या ओट्यावर स्वयंपाक करायला काही धोका नाही. पण डाग जात नाही म्हणून सँडपेपर किंवा ग्राइंडर लावायचा विचार डोक्यातून काढून टाका. धूळ तीच. शिवाय पॉलिश गेलं की घरी परत येत नाही, डागाच्या जागी मंद चट्टा राहतो आणि तो डागापेक्षा वाईट दिसतो.

सुमनताई_ठाणे :
वहिनी तिकडे कैऱ्या मिळतात का गं?

मेलबर्नची_वहिनी :
इंडियन स्टोअरला, ताई. भाव विचारू नका.

रेझिन_गुरुजी :
ओटे हळदीने कमी आणि साफसफाईने जास्त बिघडतात. न वापरायच्या गोष्टी : ओव्हन क्लीनर, नाल्यात टाकायचा कॉस्टिक सोडा, पेंट रिमूव्हर, संडासचं अ‍ॅसिड. दगडाला फारसं होत नाही, पण रेझिन मऊ पडतं, चकाकी जाते. ब्लीच लावलंच तर पातळ, मिनिटभर, आणि धुऊन टाका. ब्लीच नि व्हिनेगर एकत्र कधीच नाही, क्लोरीन वायू होतो.

दुसरं, सीलर, म्हणजे दगडाची बारीक छिद्रं बुजवायला लावतात ते द्रव. ग्रॅनाइटला लागतो, याला नाही. वर पातळ थर बसतो, धुरकट दिसतो, आणि डाग त्या थराला लागतात. तुमचा 'जुनाट डाग' कदाचित सीलर किंवा साबणाचा थरच असेल. फडक्यावर आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन तळहाताएवढा भाग पुसून पाहा. मार्कर पेन आणि स्टिकरचा चिकटाही त्यानेच जातो.

घाईत_लिहितेय :
कुकरच्या जागी तपकिरी डाग. दोन आठवडे पेरॉक्साइड. ढिम्म हलत नाही.

रेझिन_गुरुजी :
तो डाग नाही, भाजलंय. साधारण १५० अंशांपुढे रेझिनचं काही खरं नसतं. कुकरच्या आतच १२० असतात, बूड त्याहून तापलेलं. फोडणीची कढई तर विचारू नका. भाजलेलं निघत नाही. पॉलिश करणारा कारागीर थोडं कमी करू शकेल, तेही पाणी वापरून घासणाराच बोलवा. इथून पुढे पायांचा स्टँड किंवा जाड कॉर्क. फडक्याची पातळ घडी नको, ओली असेल तर उष्णता सरळ खाली जाते. शेगडीच्या कापाजवळ तर मुळीच नाही, तडा तिथूनच जातो.

घाईत_लिहितेय :
😭 सासूबाईंना नाही सांगणार.

भांडीकुंडी :
चौरंग ठेवा त्यावर, कोण बघतंय!

नळाखाली :
सिंकच्या कडेचं पिवळं-काळं म्हणजे ओटा नाही, सिलिकॉन. हळद शोषलेलं सिलिकॉन पांढरं होत नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढा, अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळवा, बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन भरा, २४ तास पाणी नको. नळाभोवतीचा पांढरा खर मात्र क्षाराचा. व्हिनेगर आणि पाणी समसमान, फडकं भिजवून १० मिनिटं, मग धुवा. संगमरवर असेल तर हे करू नका, चट्टे पडतील.

खिडकीजवळ :
मॅट फिनिशवाल्यांनी तो पांढरा जादूचा स्पंज जपून वापरा. तो बारीक सँडपेपरच आहे. एकाच जागी घासला की तिथेच चमक येते.

नवीन_घर :
दुकानदार 'नॅनो व्हाइट' देतोय, म्हणतो क्वार्ट्झच आहे.

रेझिन_गुरुजी :
नाही. ती काचेची लादी. डाग कमी, पण टवका उडाला की नीट जुळत नाही. बिलावर 'क्वार्ट्झ' लिहून घ्या. उरलेला तुकडा मागून त्यावर हळद-तेल रात्रभर ठेवा, सकाळी कळेल.

सुमनताई_ठाणे :
आमसुलाच्या सारासाठी काय?

पांढरा_ओटा :
ताई, आधी साधं पाणी, मग लिंबाचं पाणी. साबण थेट लावला तर डाग निळसर-हिरवट होतो आणि आपण घाबरतो. चहाला पेरॉक्साइडच, पण १५ मिनिटं पुरतात.

कडप्पावाले_काका :
सार सांडता कशाला, प्या की.