जूनपासून फेलोशिप बंद आहे, नक्की कुणाला गाठायचं? (मदत हवी आहे)

गोदीकाठ
नमस्कार. घाईत लिहितेय, चुका पोटात घाला.

मुंबईतच पीएचडी करतेय. जूनपासून फेलोशिपचा एक रुपया जमा झालेला नाही आणि आता नोव्हेंबर उजाडला. विद्यापीठात गेलं की खिडकीवर सांगतात, आमच्याकडून गेलंय, वरून अडलंय. वर फोन लावला की ते म्हणतात, तुमच्या विद्यापीठालाच विचारा. मानखुर्दला भाड्याची खोली आहे. मालकीणबाईंनी दोन महिने सांभाळून घेतलं, आता त्यांचाही सूर बदललाय. नोकरी लागल्यापासून आईकडून कधी पैसे घेतले नव्हते, सप्टेंबरात घ्यावे लागले.

एवढंच सांगा : हे कुणाच्या सहीवाचून अडतं? आणि संशोधक विद्यार्थ्यांची बाजू घेणारी एखादी संघटना, समिती, काही असतं का? विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, प्रबंध तिथेच सादर करायचाय.

शेवटची_लोकल
फेलोशिप कुठली ते लिहिलंच नाहीत. राज्य सरकारच्या संस्थांची, म्हणजे बार्टी किंवा सारथीची असेल तर पुण्याला विचारायचं, महाज्योतीची असेल तर नागपूरला. नेट परीक्षेवरून मिळणारी केंद्राची ज्युनियर फेलोशिप, जेआरएफ असेल तर रस्ताच वेगळा.

गोदीकाठ
जेआरएफ. कळेल असं वाटलं होतं, सॉरी.

पोच_द्या
मग आधी विद्यापीठातच बघा. जेआरएफचे पैसे आपोआप येत नाहीत. हा विद्यार्थी काम करतोय, अशी नोंद विद्यापीठाला दर महिन्याला फेलोशिपच्या पोर्टलवर करावी लागते. एक कर्मचारी ती भरतो, त्याला मेकर म्हणतात. दुसरा तपासून पुढे पाठवतो, तो चेकर. दोघांतला एक रजेवर गेला किंवा त्याची बदली झाली की काम तिथेच राहतं. खिडकीवर 'पैसे का आले नाहीत' असं विचारू नका. 'चेकर कोण आहेत आणि माझी जुलैची नोंद किती तारखेला पुढे गेली' असं विचारा. मी सात महिने हेलपाटे घातले, तेव्हा एका शिपाईकाकांनी मला हा प्रश्न शिकवला.

कलम_सहा
कशाला खिडकीवर जाता? माहितीचा अधिकार वापरा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत लेखी उत्तर. कुणाच्या टेबलावर फाइल किती दिवस होती, सगळं बाहेर येतं.

पोच_द्या
कलम_सहा, ३० दिवसांनी कागद मिळेल, पैसे नाही. त्यांचं भाडं थकलंय हो. आणि छोट्या विभागात अर्ज कुणी टाकला ते दुपारच्या चहापर्यंत सगळ्यांना कळतं.

कलम_सहा
हीच भीती घालून लोकांना गप्प बसवलं जातं. माझ्या बहिणीचं काम दोन वर्षं रखडलं होतं, अर्ज गेल्यावर पंधरा दिवसांत झालं. मी अनुभवाचं सांगतोय.

नोंदणीकृत_पदवीधर
संघटना विचारलीत म्हणून लिहितो. पदवीधर मतदार म्हणून तुमची नोंदणी आहे का? विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, नोंदणीकृत पदवीधरांतून १० जण निवडून जातात. मुंबई विद्यापीठात सप्टेंबर २०२४मध्ये या जागांसाठी मतदान झालं. पदवी असून नाव नोंदवलेलं नाही असे हजारो जण आहेत. आधी नोंदणी करा, मग हक्काने बोला.

शेवटची_लोकल
दादा, ती पुढच्या निवडणुकीची गोष्ट झाली. त्यांना या महिन्याचं भाडं भरायचंय.
गोदीकाठ, २०२३च्या एप्रिलमध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणाचे नियम काढले. प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण समिती हवी आणि तिच्यात विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी विशेष निमंत्रित हवा. समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. तो पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं. अर्ज मोघम लिहू नका, महिनावार लिहा. आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

चाळ_नं_सात
समित्यांनी काय होतं? बार्टी, सारथी, महाज्योतीच्या मुलांनी आझाद मैदानात ठाण मांडलं, तेव्हा सरकारला त्यांच्याकडे बघावं लागलं. एकटीने अर्ज करत बसू नका. आणि विद्यार्थी परिषदेचं म्हणाल तर २०१६च्या विद्यापीठ कायद्यात थेट निवडणुकांची तरतूद आहे, ती कागदावरून खाली उतरलेली नाही. म्हणून तुम्हाला संघटना सापडत नाही. तुमचा दोष नाही त्यात.
बाय द वे, विषय काय तुमचा?

गोदीकाठ
सगळ्यांचे आभार. पोच_द्या, तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. चेकर जागेवर आहेत आणि बाकीच्यांच्या नोंदी वेळेवर गेल्यात. विभागातल्या दोघींना ऑक्टोबरपर्यंतचे पैसे मिळालेत. म्हणजे फक्त माझंच अडलंय. आता मला काहीच सुचत नाहीये.
चाळ_नं_सात, विषय गिरणगावातल्या बायकांच्या खाणावळी, गिरणी संपाच्या आधी आणि नंतर.

चाळ_नं_सात
माझे वडील गिरणीत साच्याखात्यात, मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होतो. आमच्या मजल्यावर एक मावशी बारा जणांचे डबे करायच्या, सगळे घाटावरचे गडी. संप लांबला तसे ते एकेक करून गावी गेले आणि मावशींची चूल एका माणसापुरती राहिली. कुणीतरी हे लिहितंय हे वाचून बरं वाटलं. लागेल ती मदत सांगा, त्या मजल्यावरची तीन माणसं अजून आहेत.

जुनं_दफ्तर
विषय छान आहे. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात बसता का? आणि दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय सोडू नका, १८९८पासूनची संस्था आहे.

पोच_द्या
खाणावळींसाठी वेगळा धागा काढा ना, मीही येईन. इथे एक राहिलंय. फक्त तुमचंच थांबलं असेल तर चेकरचा प्रश्न नाही. गोदीकाठ, फेलोशिप सुरू कधी झाली?

गोदीकाठ
दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये. का?

पोच_द्या
अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! जेआरएफ दोन वर्षांची. त्यानंतर सिनियर, म्हणजे एसआरएफ. बढतीसाठी तीन जणांची समिती तुमचं काम बघते : मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि बाहेरचा तज्ज्ञ. तिचा अहवाल विद्यापीठाने पुढे पाठवावा लागतो. माझंही याच टप्प्यावर थांबलं होतं. तुमची समिती बसली का?

गोदीकाठ
नाही बसली. सर मे महिन्यात निवृत्त झाले. नवे मार्गदर्शक द्यायचं पत्र विभागात पडून आहे. सर म्हणाले होते, काळजी करू नकोस, होईल. या दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात हे मला कुणी सांगितलंच नाही.

शेवटची_लोकल
सापडलं. आता क्रम असा ठेवा. आधी मार्गदर्शक बदलाचा आदेश, मग समितीची तारीख, मग अहवाल. तिन्हीसाठी एकच अर्ज विभागप्रमुखांना द्या, प्रत कुलसचिवांना. तक्रार समितीची पायरी हातात राहू द्या, पंधरा दिवस काहीच हललं नाही तर चढा. आणि सरांच्या हाताखाली तुम्ही एकट्याच होतात का?

कलम_सहा
मार्गदर्शक बदलाचं पत्र नेमकं कुठे पडलंय, ते मात्र माझ्याच मार्गाने कळेल. अर्ज द्या, सोबत हेही टाकून ठेवा. दोन्ही चालू राहू देत.

गोदीकाठ (नऊ दिवसांनी)
सरांचे आम्ही पाच विद्यार्थी. बाकी चौघांना फोन केले. दोघांची दोन वर्षं मार्चमध्ये भरतात, तेही असेच अडकले असते. एकाने तर पीएचडी सोडून क्लासमध्ये शिकवायला जायचं ठरवलं होतं, त्याला थांबवलंय. पाचही सह्या घालून एकच अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला. खिडकीवरच्या बाईंनी पाच नावं वाचली आणि फाइल त्याच दिवशी आत नेली. मार्गदर्शक बदलाचा आदेश काल हातात आला. समिती पुढच्या गुरुवारी बसतेय. कलम_सहा, माहितीचा अर्जही लिहून तयार ठेवलाय.

आमचा पाच जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आता एकवीस जणांचा झालाय, दुसऱ्या विभागांतलेही आलेत. संघटना म्हणण्याइतकं मोठं नाही. पण कुणाची दोन वर्षं कधी भरतात याची यादी आम्ही करायला घेतलीय.

एकच विचारायचंय. जेआरएफचे ३७,००० आणि एसआरएफचे ४२,००० यातला फरक मागच्या तारखेपासून मिळतो का? आणि घरभाडं भत्ता?

पोच_द्या
मला फरक बढतीच्या तारखेपासून मिळाला, थकबाकी एकदम आली. समितीच्या अहवालात बढतीची तारीख जूनचीच घालतात ना, ते बघून घ्या. घरभाड्याचं मात्र जपा. वसतिगृहात जागा देऊ केली असताना तुम्ही नाकारली असेल तर भत्ता मिळत नाही. दिलीच नसेल तर तसं विद्यापीठाकडून लेखी घ्या, तेही गुरुवारच्या आधी.

गोदीकाठ
दिलीच नव्हती. उद्या सकाळी साडेदहाला खिडकी उघडते, तिथेच असेन.