माडीवरच्या खोलीत रोज मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) व्हावी का?

सनद : जेरुसलेमच्या सियोन डोंगरावरची ही खोली येशूच्या शेवटच्या भोजनाची मानतात. तळमजल्यावर दावीद राजाच्या मानल्या जाणाऱ्या समाधीपाशी ज्यू प्रार्थना करतात, माडीच्या भिंतीत मशिदीचा मेहराब (मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा) शाबूत आहे. 14व्या शतकात नेपल्सच्या राजाराणीने ही जागा फ्रान्सिस्कनांना (एका कॅथलिक संघाच्या साधूंना) मिळवून दिली, 16व्या शतकात ऑटोमन राजवटीने त्यांना काढलं. आज ताबा इस्रायलचा. यात्रेकरूंना आत जाता येतं, मिस्सा मात्र करता येत नाही. पोपना 2000 आणि 2014 साली मिळाली ती खास परवानगी. व्हॅटिकनने मालकी मागूच नये, फक्त सकाळचे दोन तास मागावेत.

उंबरठा : साफ विरोध. तिथल्या पवित्र जागांवर वापरातूनच मालकी उभी राहते. जो झाडतो, दुरुस्ती करतो, दिवा लावतो, त्याचा हक्क; ऑटोमन सुलतानाच्या 1852च्या फर्मानापासूनची 'जैसे थे' व्यवस्था याच तत्त्वावर चालते. डिसेंबर 2011मध्ये बेथलेहेमच्या चर्चमध्ये साफसफाई करताना ग्रीक आणि आर्मेनियन धर्मगुरू झाडू घेऊन एकमेकांवर धावले, कारण कोणी कुठवर झाडायचं हाच वाद होता. तिथे निदान सगळे ख्रिस्ती होते. इथे तीन धर्म आहेत.

सनद : ते फर्मान मुख्यतः ख्रिस्ती पंथांमधल्या भांडणांसाठी होतं. ही खोली तेव्हा मुस्लिमांकडे होती. दाखला द्यायचा तर ऑलिव्ह डोंगराचा द्या. येशूच्या स्वर्गारोहणाची वास्तू मुस्लिम ताब्यात आहे, तरी सणाला ख्रिस्ती लोक अंगणात तंबू उभारतात. दोर बांधायला भिंतीत कड्या आहेत. वेदी येते, उपासना होते, सगळं उचलून नेतात. ताबा तसूभर हलत नाही.

उंबरठा : सणापुरतं आणि रोजचं यात जमीनअस्मानाचा फरक आहे! रोज म्हटलं की किल्ली कोणाकडे, वेदी ठेवायची कुठे, मेणबत्तीची काजळी पुसायची कोणी, इथून सुरुवात. 2014च्या भेटीआधी खालच्या समाधीपाशी ज्यू गटांनी निदर्शनं केली, तीही एका मिस्सेसाठी.

पायवाट : यात्रेकरूंची अडचण फुगवू नका. जवळच फ्रान्सिस्कनांचं छोटं चर्च आहे, आगाऊ वेळ घेतली की गटाला तिथे मिस्सा करता येते. व्हॅटिकन आणि इस्रायलच्या 1993च्या करारातले कर आणि मालमत्तेचे मुद्दे वर्षानुवर्षं रेंगाळले. त्यात ही खोली घातली की ते आणखी अडकणार.

सनद : म्हणून वेगळा, छोटा करार हवा. वेदी हलवता येण्याजोगी, घंटा नाही, भिंतीला खिळा नाही, मेहराब झाकायचा नाही. आणि 'या वापरातून कोणताही हक्क निर्माण होणार नाही' हे कलम सगळ्यात वर.

उंबरठा : कलम चांगलं आहे, पण ते बांधील कोणाला? 1948पर्यंत दजानी हे मुस्लिम घराणं या जागेची देखभाल करत होतं. व्हॅटिकनने पॅलेस्टाईनशीही 2015 साली स्वतंत्र करार केला आहे. मुस्लिम बाजू टेबलावर नसताना व्हॅटिकन आणि इस्रायलने सह्या केल्या, तर मेहराबाबद्दल बोलायचा अधिकार या दोघांना कोणी दिला, याचं उत्तर आधी द्या.