ऑनलाइन गेममधल्या खेळाडूंचं स्किल खरंच घसरलंय का? आपापले अनुभव लिहा

सांगलीकर टँक
परवा रात्री वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये टँक (शत्रूचे फटके स्वतःवर घेणारा) म्हणून एका डंजनला (पाच जणांनी मिळून लढायच्या जागी) गेलो, पाच जणांत माझ्याशिवाय एकानं पण इंटरप्ट (शत्रूचा मंत्र मध्येच तोडणारं बटण) मारला नाही, बॉस निवांत मंत्र कास्ट करतोय आणि आम्ही मरतोय, दोन वाइप (सगळा ग्रुप खलास) झाल्यावर तिघं काही न बोलता निघून गेले. मी २००७ पासून खेळतोय. तेव्हा विश्रामबागला आमच्या घरी बीएसएनएलचं कनेक्शन होतं, रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फ्री, म्हणून गजर लावून दोनला उठायचो, युरोपच्या सर्व्हरवर हिवाळ्यात तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजलेले असायचे. शॅटर्ड हॉल्स या डंजनच्या हिरॉइकला (अवघड आवृत्तीत) मेजनं (जादूगारानं) शीप केलेल्या (मेंढी करून थोपवलेल्या) शत्रूला कुणाचा चुकून एक फटका लागला की पाचही जण खलास, त्यामुळे ज्याच्या डोक्यावर कवटीची खूण त्यालाच आधी मारायचं हे अंगात भिनलेलं. आता ती शिस्त कुठंच दिसत नाही, फार वाईट वाटतं. सातारा-सांगलीकडचे जे कोण खेळता त्यांनी लिहा.

मिरजकर
दादा, मला नाही पटत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, आमचा पीसी माळ्यावर टाकून आम्ही मावशीकडं होतो. घर धुऊन काढलं, लाइट आली आणि त्याच महिन्यात २७ तारखेला क्लासिक (याच गेमची जुनी आवृत्ती, नव्यानं) सुरू झालं. पहिल्या वेळी, २००५ ला, रॅग्नारोस हा मोठा बॉस पडायला जगातल्या चांगल्या गिल्डना (खेळाडूंच्या कायमच्या गटांना) पाच महिने लागले होते, क्लासिकमध्ये तो आठवड्याच्या आत पडला. तेव्हा ४० जणांच्या ग्रुपमध्ये पंधरा-वीस जण नुसते मागून चालायचे आणि गेडन नावाच्या बॉसनं अंगावर बॉम्ब टाकला की लांब पळायच्या ऐवजी गर्दीतच उभे राहायचे, मी स्वतः बघितलंय. आज तेच मेकॅनिक (बॉसची चाल) पोरं व्हिडिओ बघून येतात. लोक हुशार झालेत भावा.

कराडची हीलर
दोघांचं पण थोडं थोडं खरं आहे. मी २००८ ला हॉस्टेलवर असताना सुरू केलं. मला हीलिंग (लढाईत सोबत्यांना बरं करणं) शिकवलं ते गिल्डमधल्या एका जुन्या प्रीस्टनं (हीलिंग करणाऱ्या खेळाडूनं), प्रत्येक वाइपनंतर तो विचारायचा की माना (मंत्र टाकायची ताकद) कुठं संपला, मोठा हील कशाला टाकलास, आणि दुसऱ्या दिवशी परत तोच माणूस भेटायचा. डिसेंबर २००९ ला डंजन फाइंडर आला, बटण दाबलं की वेगवेगळ्या सर्व्हरची पाच माणसं एकत्र. सोय लई झाली, कामावरून दमून आलेल्याला अर्ध्या तासात डंजन मिळतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण उद्या न भेटणाऱ्या माणसाला कोण शिकवत बसणार? चुकला तर काढून टाकायचं, एवढंच उरलं. माझ्या मते गेलं असेल तर ते शिकवणं गेलं.

साताऱ्याचा नवखा
ताई, अगदी मनातलं लिहिलंत. मी २०२२ ला आलो, लेव्हल पूर्ण होईपर्यंत एकट्यानं खेळलो, इंटरप्ट नावाचं बटण कधी लागलंच नाही कारण शत्रू दोन फटक्यांत मरायचे. आणि मग एकदम मिथिक प्लस (ठरलेल्या वेळेत संपवायचं अवघड डंजन), वर टायमर पळतोय, पहिल्याच दिवशी एकानं शिव्या दिल्या आणि काढलं. तीन आठवडे परत ग्रुपमध्ये गेलो नाही. २०२५ पासून पुढं दाबायचं बटण गेमच उजळून दाखवतो, त्यानं डॅमेज सुधारलं, पण इंटरप्ट कधी मारायचा ते माझं मलाच बघावं लागतं. सांगलीकर दादा, त्या रात्री तुमच्या ग्रुपमध्ये माझ्यासारखाच कोणीतरी असणार.

सांगलीकर टँक
असेल रे. निघून गेले म्हणून मला राग आला, पण पहिल्या वाइपनंतर मी पण चॅटमध्ये एक ओळ टाकली नाही. शनिवारी रात्री अकराला मी ऑनलाइन आहे. तू ये, ताई हीलला येत असतील तर बघा. टायमर न लावता जाऊ, पहिला इंटरप्ट माझा, दुसरा तुझा.

कराडची हीलर
येते. पोरगी झोपली की लगेच, साडेअकरा धरा.