नोटिशीच्या धाकानं मूल जाड होत नाही

मेळघाटची_ताई: काल एका सरांनी इथं लिहिलं की पोषण ट्रॅकर (अंगणवाडीची नोंद भरायचं सरकारी ॲप) आल्यापासून अंगणवाड्यांची कामगिरी रोज दिसते, मागे पडलेल्यांना नोटीस जाते, म्हणून काम सुधारलं. वाचून राहवलं नाही. मी धारणी भागात पर्यवेक्षिका होते. दंडाचा घेर 115 मिलिमीटरच्या आत आला की मूल तीव्र कुपोषित, म्हणजे टेपवर लाल. टेप जराशी सैल धरली की घेर वाढतो. जिच्याकडे लाल मुलं जास्त, त्या सेविकेला बैठकीत उभं करून बोलतात. पुढच्या महिन्यात टेप सैल! मूल तेच, रंग पिवळा, आणि ग्राम बालविकास केंद्रातल्या जादा आहाराच्या यादीतून त्याचं नाव गेलं.

लेखाजोखा: ताई, मग मोजूच नये का? 1993 साली मेळघाटातले बालमृत्यू आकड्यांनिशी बाहेर आले, म्हणूनच सरकार हललं. त्याआधी लेकरं मरत नव्हती का?

पऱ्हाटीवाला: मोजमापाचं मले नका सांगू. कापसाच्या हमीभावाच्या खरेदीत 8 टक्क्यांच्या वर ओलावा निघाला का भाव कापते, 12 च्या वर गाडी वापस. मीटर खुपसलं वरच्या दवातल्या थरात. खाली हात घालून पाहा म्हनलं, कोरडा हाय, तर ऐकलंच नाई.

लेखाजोखा: भाऊ, धागा अंगणवाडीचा आहे.

पऱ्हाटीवाला: एकच गोष्ट हाय. मीटर त्यायचं, वाचनारा त्यायचा, नुकसान आमचं.

जिनिंगचा_मुनीम: ओला कापूस गंजीत तापतो, रुई पिवळी पडते, तो तोटा कोण भरणार? पाणी मारून आणलेल्या गाड्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

पऱ्हाटीवाला: एकानं मारलं तं सारा गाव चोर काय? तोंड सांभाळून बोला. तुमच्या काट्यावर किती कटते ते आम्हीबी पाह्यलं हाय.

जिनिंगचा_मुनीम: काट्यांत खोट असते, मान्य. पण ओलाव्याची अट खोटी नाही.

लेखाजोखा: बरं ताई, टेप सैल होते हे धरून चालू. आशाताईंकडून फेरमोजणी करा, हवं तर. पण नोटीस बंद केली तर महिनोन्‌महिने वजनकाटाच न काढणाऱ्या सेविकेचं काय?

मेळघाटची_ताई: तिला खुशाल नोटीस द्या, काटा काढला नाही म्हणून. मूल लाल निघालं म्हणून नको. लाल मूल शोधणारीला त्याच आठवड्यात आहार पोचवा, मग बघा ती टेप कशी धरते.

पऱ्हाटीवाला: अन् आमचं मीटर तीन जागी लावा, आमच्यासमोर. हेबी लिवा.